बाळाची अंघोळ : किती वेळा, कशाने आणि किती वेळ?

लहान मुलांच्या अंघोळीबद्दलची पत्रं दोन टोकांची असतात. रोज अंघोळ घातली नाही तर जंतुसंसर्ग होईल, असं कोणीतरी एकाला सांगितलेलं असतं. रोज घातली तर सर्दी होईल, असं दुसऱ्याला. सांगणाऱ्याने बाळाची त्वचा पाहिलेली नसते. या वेळी सारख्या येणाऱ्या शंकांना एकत्र उत्तरं देते आहे. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं असेल, तर खालचं काहीही परस्पर लागू करू नका, त्याच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : मुलगी दोन महिन्यांची आहे. रोज अंघोळ घातलीच पाहिजे का? एक दिवस चुकला तरी घरात वाद होतो.

नाही. पहिल्या वर्षात आठवड्यातून तीनदा अंघोळ बहुतेक बाळांना पुरते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही हेच सांगते. अजून रांगतही नाही ते बाळ मळतं कुठे? तोंडाभोवती, मानेच्या, काखेच्या आणि जांघेच्या वळ्यांत आणि लंगोटाच्या जागी. या जागा रोज ओल्या मऊ कापडाने पुसा, वळ्या उघडून कोरड्या करा. मुलीला पुढून मागे पुसायचं. मुलगा असेल तर शिश्नाची कातडी ओढून मागे करायची नाही. कानात कापसाच्या काड्या घालायच्या नाहीत, मुलगी असो की मुलगा.

तुमच्या मुलीला पाणी आवडत असेल, हवा गरम असेल, तर रोज घाला. पाच ते दहा मिनिटं, कोमट पाण्याने, आणि साबण रोज नको. आकड्यावरून वाद घालण्यापेक्षा तिची कातडी पाहा. ती कोरडी, खरखरीत होत असेल तर अंघोळी कमी करा. आठवडाभरात फरक पडला नाही तर दाखवून घ्या.

प्रश्न : पुढच्या महिन्यात बाळंतपण आहे. बाळाच्या अंगावरचा पांढरा चिकट थर लगेच धुऊन काढावा, असं सगळे म्हणतात.

धुऊ नका. तो मळ नाही. पोटात असताना बाळाच्या त्वचेवर तयार झालेलं ते संरक्षण आहे. त्यात स्निग्ध पदार्थ, पाणी आणि जंतूंना रोखणारी प्रथिनं असतात. बाळाला हलक्या हाताने कोरडं करायचं, थर तसाच ठेवायचा, तो आपोआप मुरतो आणि सुटतो. पहिली अंघोळ जन्मानंतर २४ तास तरी पुढे ढकलावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नवजात बाळ ओलं झालं की झपाट्याने गार पडतं, आणि गार पडलेल्या बाळाची रक्तातली साखर उतरू शकते, ते दूध ओढेनासं होतं. आईला एखादा संसर्ग असेल तर डॉक्टर लवकर अंघोळ घालायला सांगू शकतात. म्हणून हे बोलणं बाळंतपणाआधीच रुग्णालयात करून ठेवा.

प्रश्न : नाळ अजून पडलेली नाही. टबात बसवू का?

पडेपर्यंत अंग पुसून घ्या. नाळ भिजलीच तर घाबरू नका, टिपून कोरडी करा. तिच्यावर पावडर, तेल, लेप काहीही लावायचं नाही आणि लंगोट तिच्या खाली दुमडायचा. बहुतेक बाळांची नाळ एक ते तीन आठवड्यांत पडते. बेंबीभोवतीची कातडी लाल होऊन लाली पसरत असेल, पू किंवा दुर्गंधी असेल, बाळ दूध कमी पीत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तीन आठवडे उलटूनही नाळ तशीच असेल तरी दाखवा.

प्रश्न : लस दिली त्या दिवशी अंघोळ घालायची का?

घाला. टोचलेली जागा चोळू नका.

प्रश्न : बाळ सात महिन्यांचं आहे. जंतू मरावेत म्हणून अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक द्रवाची दोन झाकणं टाकतो आणि औषधी साबण वापरतो. चालेल ना?

चालणार नाही. आजपासून बंद करा. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो, कारण हे करणारे पालक निष्काळजी नसतात. काळजीपोटीच ते बाळाला अपाय करत असतात.

आधी त्वचा कशी असते ते समजून घ्या. जन्माच्या वेळी त्वचेचा पृष्ठभाग जवळपास उदासीन, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कही नाही, असा असतो. पहिल्या काही आठवड्यांत तो आम्लधर्मी होत जातो. हा सौम्य आम्लपणा त्वचेचं कुंपण घट्ट ठेवतो आणि अपायकारक जंतूंना वाढू देत नाही. त्याच काळात तिथे निरुपद्रवी, किंबहुना उपकारक जंतूंची वस्ती होते. ती जागा त्यांनी धरली की घातक जंतूंना पाय रोवणं अवघड जातं. वडीसाबण अल्कधर्मी असतो, त्याचा पीएच (आम्ल-अल्कपणा मोजायचा आकडा, ७ म्हणजे उदासीन) ९ ते १० असतो. रोज अंगभर साबण लावला की आम्लपणा जातो, त्वचेतली स्निग्धता धुऊन जाते आणि कुंपणाला भेगा पडतात. वर जंतुनाशक ओतलं की चांगले-वाईट सगळे जंतू एकदमच मारले जातात, आणि जे रसायन शिल्लक राहतं ते त्या भेगांतून आत शिरतं. बाळाच्या त्वचेचा वरचा थर मोठ्यांपेक्षा पातळ असतो आणि वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या दुपटीहून जास्त. म्हणजे तेवढंच रसायन अंगाला लागलं तरी बाळाच्या रक्तात त्याचं प्रमाण कितीतरी जास्त जाऊ शकतं.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. हेक्झाक्लोरोफीन नावाचं जंतुनाशक १९५० आणि १९६०च्या दशकांत कित्येक रुग्णालयांत नवजात बाळांना धुवायला वापरत असत. सगळ्यांना ते सुरक्षित वाटत होतं. मग कमी दिवसांच्या बाळांच्या मेंदूत त्याने झालेली इजा दिसू लागली. १९७२ साली फ्रान्समध्ये बाळांच्या एका पावडरीत कारखान्यातल्या चुकीमुळे हेच रसायन मोठ्या प्रमाणात मिसळलं गेलं आणि ३६ मुलं दगावली. त्यांनी ते तोंडात घेतलेलं नव्हतं, ते त्वचेतून गेलं होतं. त्याच वर्षी अमेरिकेने त्याच्या खुल्या विक्रीवर बंधन आणलं. आजची जंतुनाशकं वेगळी आहेत, हे खरं. पण बाळाची त्वचा तीच आहे, आणि जमीन पुसायच्या, जखम धुवायच्या द्रवाने निरोगी बाळाला रोज भिजवायचं कारण आजही कोणी दाखवू शकत नाही. जंतुनाशक लागतं तेव्हा ते ठरावीक आजारात, ठरावीक प्रमाणात, ठरावीक दिवसांसाठी डॉक्टर लिहून देतात.

मग वापरायचं काय? पहिले काही आठवडे नुसतं पाणी पुरतं. नंतर हवं तर बिनसुवासाचं, साबणविरहित सौम्य क्लीन्झर घ्या आणि ते मळणाऱ्या जागांनाच लावा, अंघोळ संपताना. बाळाला फेसात बसवून ठेवू नका. बाटलीवरच्या शब्दांना भुलू नका. ‘नैसर्गिक’ म्हणजे सुरक्षित असं नाही, वनस्पतींच्या सुगंधी अर्कांचीही ॲलर्जी होते. ‘हायपोॲलर्जेनिक’ लिहायला अमेरिकेतसुद्धा कायद्याने ठरवलेला निकष नाही. ‘डोळ्यांत झोंबत नाही’ हे डोळ्यांबद्दलचं वाक्य आहे, त्यावरून त्वचेचं काही कळत नाही. बाळाचं चित्र मागच्या बाजूच्या घटकांच्या यादीवरून तुमचं लक्ष उडवण्यासाठी असतं, ती यादी वाचा. ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ दिसलं की बाटली परत ठेवा. बाळाच्या अंगावर आधीच पुरळ असेल तर कोणतंही नवं उत्पादन लावण्याआधी बालरोगतज्ज्ञांना किंवा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : अंगावरची लव जावी म्हणून अंघोळीत चोळतात ते बरोबर का? आणि नंतर पावडर?

दोन्ही नको. लव काही आठवड्यांत आपोआप झडते, चोळून फक्त कातडी सोलवटते. पावडर श्वासातून फुप्फुसात जाते.

प्रश्न : पाणी किती गरम असावं? आम्ही हात घालून बघतो.

३७ ते ३८ अंश सेल्सियस. हाताच्या तळव्याची कातडी जाड, तिला कढत पाणीही कोमट वाटतं. कोपर किंवा मनगटाची आतली बाजू लावून पाहा, नाहीतर सरळ थर्मामीटर वापरा. आधी गार पाणी, मग गरम, नीट ढवळायचं आणि मगच बाळाला आणायचं. बाळ पाण्यात असताना वरून गरम पाणी ओतायचं नाही. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत खोल भाजतं. गीझरचं तापमान ४९ अंशांच्या वर ठेवू नका. कढत पाण्याने बाळाला झोप छान लागते, हाडं बळकट होतात, हे सगळं ऐकीव आहे. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या, बर्फ न घातलेल्या पाण्याखाली धरा आणि लगेच दवाखाना गाठा.

प्रश्न : ताप आला की गार पाण्याने अंघोळ घालून ताप उतरवावा का?

गार पाण्याने नाही, आणि स्पिरिट तर कधीच नाही. गार पाण्याने मूल कुडकुडतं, त्याची अस्वस्थता वाढते. ताप असताना मुलाला बरं वाटत असेल तर कोमट पाण्याने थोडक्यात आटपा, नाहीतर राहू द्या. मात्र तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर अंघोळीचा विचार बाजूला ठेवून तडक डॉक्टरांकडे जा, रात्र असली तरी.

प्रश्न : मुलगा आठ महिन्यांचा. गालांवर आणि कोपरांवर लाल, खाजरे चट्टे आहेत. चार महिन्यांत पाच साबण बदलले. आता शेजारच्या काकू म्हणतात, अंघोळच बंद करा.

चार महिने! पहिल्या साबणानंतरच यायला हवं होतं. वर्णन एक्झिमाचं, म्हणजे त्वचा कोरडी, लाल, खाजरी होण्याच्या आजाराचं वाटतं, पण पत्रावरून निदान होत नाही. खरूज आणि बुरशीचा संसर्गही असेच दिसू शकतात आणि त्यांचे उपचार वेगळे आहेत. या चार महिन्यांत तो नीट झोपला नसेल, तुम्हीही नसाल.

अंघोळ बंद करायची गरज नसते. एक्झिमा असलेल्या बाळाला रोज, पाच-दहा मिनिटं, कोमट पाण्याने अंघोळ चालते. महत्त्वाचं असतं ते त्यानंतरचं. अंग चोळून न पुसता टिपायचं आणि तीन मिनिटांच्या आत, त्वचा ओलसर असतानाच, बिनसुवासाचं मॉइश्चरायझर सढळ हाताने लावायचं. ते नाही लावलं तर पाणी उडून जाताना त्वचा आणखी कोरडी होते. टबात टाकायच्या महाग तेलकट द्रवांवर पैसे घालवू नका. इंग्लंड-वेल्समध्ये एक्झिमा असलेल्या ४८२ मुलांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ साली आले. नेहमीच्या उपचारात या द्रवांची भर घालून काहीही जास्तीचा फायदा दिसला नाही.

दुकानदाराने दिलेलं मलम लावू नका. त्यात तीव्र स्टेरॉइड असू शकतं. उलट डॉक्टरांनी सौम्य स्टेरॉइड लिहून दिलं तर नावाला घाबरून ते टाळूही नका, सांगितलं तेवढे दिवस लावा. चट्ट्यांतून पाणी झिरपत असेल, पिवळी खपली धरली असेल, किंवा दुखऱ्या फोडांचे पुंजके उठले असतील, तर त्याच दिवशी दाखवा. नसतील तरी या आठवड्यात.

प्रश्न : मुलगी अकरा महिन्यांची आहे. टबात बसायच्या खुर्चीत नीट बसते. तिचा सहा वर्षांचा दादा तिथेच असतो. टॉवेल आणायला दोन मिनिटं गेलं तर?

जायचं नाही. टॉवेल विसरला, दार वाजलं, फोन आला, तर तिला उचलून बरोबर न्या. दोन-तीन सेंटीमीटर पाण्यातही बाळ बुडतं, आणि ते हातपाय मारत नाही, ओरडत नाही. शेजारच्या खोलीत काहीही ऐकू येत नाही. ती खुर्ची सुरक्षेचं साधन नाही, ती उलटते आणि बाळ तिच्यात अडकतं. सहा वर्षांच्या मुलावर ही जबाबदारी टाकणं त्याच्यावरही अन्याय आहे. अंघोळ झाली की टब आणि बादल्या लगेच रिकाम्या करा.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा, अंघोळीला टाळाटाळ करतो. किती वेळा तरी हवी?

सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एक-दोनदा तरी हवीच. खेळून मळला, घामाघूम झाला, पोहून आला की त्या दिवशी घालायचीच. वयात येऊ लागला की मग रोज.

प्रश्न : मुलगी साडेसहा वर्षांची आहे. रोज दोनदा अंघोळ घालूनही काखेत मोठ्या माणसासारखा वास येतो. मुलांसाठीचा डिओडरंट मिळतो म्हणे, कोणता घ्यावा?

कोणताही घेऊ नका, आधी तिला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. हा प्रश्न स्वच्छतेचा नाही. मुलींमध्ये आठ वर्षांच्या आत आणि मुलांमध्ये नऊच्या आत असा वास, काखेत किंवा जांघेत केस, मुरमं, स्तनांची गाठ किंवा एकदम वाढलेली उंची दिसली, तर वयात आणणारी संप्रेरकं (हार्मोन्स) लवकर जागी झाली आहेत का हे तपासावं लागतं. बऱ्याचदा काही गंभीर निघत नाही, नुसतं लक्ष ठेवायला सांगतात. पण काहींना उपचार लागतात, आणि ते वेळेत सुरू झाले तरच उपयोगी पडतात. जाताना गेल्या दोन वर्षांतल्या उंचीच्या आणि वजनाच्या नोंदी बरोबर न्या.