युग्लिना वनस्पती की प्राणी?
दोन्ही नाही. युग्लिना हा गोड्या पाण्यातला एकपेशीय जीव. हिरवी म्हणून वनस्पती, पोहते म्हणून प्राणी, ही वाटणी कधीच मागे पडली. सांगलीत कृष्णाकाठच्या एखाद्या हिरव्या डबक्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा, बहुधा सापडेलच. पेशीभित्तिका नाही, म्हणून अंग आखडत-पसरत वळवळते. पुढच्या टोकाशी लाल नेत्रबिंदू, पोहायला कशाभिका, म्हणजे चाबकासारखा धागा.

खरी गंमत हरितलवकात आहे. झाडांच्या हरितलवकाला दोन पटलं, हिच्या मात्र तीन! कारण हिच्या पूर्वजाने एक हिरवं शैवाल गिळलं आणि न पचवता आतच ठेवून घेतलं. अन्नही स्टार्च नव्हे, पॅरामायलॉन या वेगळ्या कर्बोदकाच्या रूपात साठवते.

जवळचं नातं म्हणाल तर गुराढोरांना सर्रा हा रोग देणाऱ्या ट्रिपॅनोसोमा या एकपेशीय परजीवीशी. उलट अमीबा हा युग्लिनापेक्षा आपल्याला, म्हणजे माणसाला, जवळचा.