वाचकांचे प्रश्न: हरलेल्या सामन्यानंतरचा राग

प्रश्न: मी २३ वर्षांचा असून नोकरी करतो आणि रोज रात्री दोन-तीन तास ऑनलाइन सांघिक गेम खेळतो. एरवी माझा स्वभाव शांत आहे. पण लागोपाठ दोन-तीन सामने हरलो की माझा स्वतःवर ताबा राहत नाही. संघातल्या अनोळखी खेळाडूंना मी वाटेल ते बोलतो आणि टेबलावर मुठी आपटतो. गेल्या महिन्यात तर हेडफोन फेकून मोडला. मी खेळत असताना माझी धाकटी बहीण आता खोलीत येत नाही. उशीवर बुक्के मारून राग काढून टाक, असे मित्र सुचवतात, पण त्याचा उपयोग होत नाही. माझ्यातच काही दोष आहे का?

उत्तर: आपल्या पत्रातील बहिणीविषयीचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. ते आपण आवर्जून लिहिलेत, यावरून आपल्याला कशाची खंत आहे हे कळते, आणि ज्याला अशी खंत आहे त्याच्या स्वभावातच खोट आहे असे मला वाटत नाही. तरीही बहीण खोलीत येईनाशी झाली, हे मोडलेल्या हेडफोनपेक्षा मोठे नुकसान आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

आता रागाकडे वळू. गेममधील हिंसाचारामुळे माणूस चिडतो, असा एक सर्वसाधारण समज आहे. ऑक्सफर्ड आणि रोचेस्टर या विद्यापीठांतील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मात्र वेगळी गोष्ट पुढे आली. त्यांनी काही खेळांची नियंत्रणे मुद्दाम किचकट केली. ठोकळे जुळवण्याच्या टेट्रिससारख्या निरुपद्रवी खेळातही खेळाडूला नेमका न बसणारा ठोकळा मिळेल अशी व्यवस्था केली. आपले कौशल्य चालेनासे झाले की खेळाडूंच्या मनात आक्रमक भावना वाढत होत्या, मग त्या खेळात हिंसा असो वा नसो. म्हणजे हा राग पराभवापेक्षा अडवले गेल्याचा असतो. आपण स्वतःचेच उदाहरण तपासून पाहा. प्रतिस्पर्धी सरस होता म्हणून हरलेला सामना आपण बहुधा विसरून जात असाल. पण ऐन वेळी नेटवर्क अडखळले, संघातील एकाने सामना अर्धवट सोडला किंवा बटण दाबूनही पात्र हलले नाही, तर तो सामना रात्रभर डोक्यात घोळत राहत असेल.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि ती खेळाडूंना क्वचितच कोणी समजावून सांगते. बुद्धिबळपटूंच्या गुणांकनासाठी आर्पाद एलो यांनी एक पद्धत तयार केली होती आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती १९७० मध्ये स्वीकारली. आजच्या अनेक स्पर्धात्मक ऑनलाइन खेळांतील रँक त्याच धर्तीवर ठरते. आपण जिंकत गेलात की आपल्याला अधिक बलवान प्रतिस्पर्धी दिले जातात, हरत गेलात की तुलनेने सोपे. परिणामी, जवळपास निम्मे सामने हरणे ही आपली अधोगती नसून त्या रचनेची स्वाभाविक चाल आहे. निम्म्या वेळा हरायचेच आहे, हे ठाऊक असलेला माणूस आणि प्रत्येक पराभव हा स्वतःवरचा अन्याय मानणारा माणूस, या दोघांच्या रात्री सारख्या जात नाहीत.

तरीही नुसते समजून भागत नाही, कारण राग शरीरातही असतो. चुरशीच्या सामन्यात हृदयाचे ठोके वाढतात, जबडा आवळला जातो, खांदे ताठरतात. आणि सामना संपला तरी ही उत्तेजना लगेच ओसरत नाही. पुढचा सामना आपण तत्काळ सुरू करता तेव्हा मागच्या सामन्याची शिल्लक घेऊनच उतरता आणि मग क्षुल्लक चुकीवरही भडका उडतो. खेळाडू या अवस्थेला ‘टिल्ट’ म्हणतात. पिनबॉल या यंत्रावरील चेंडूच्या खेळात कोणी चिडून यंत्र हलवले, तर त्यावर ‘टिल्ट’ ही अक्षरे उजळत आणि खेळ तिथेच थांबत असे. आपल्या खेळात अशी सोय नाही, म्हणून ती आपणच करून घ्यावी लागेल. लागोपाठ दोन सामने हरलो की उठायचे, हे खेळायला बसण्यापूर्वीच ठरवा आणि कागदावर लिहून पडद्याजवळ लावा. रागाच्या भरात घेतलेला ‘एक शेवटचा सामना’ हा निर्णय विश्वासार्ह नसतो, कारण तो घेणारा माणूस त्या क्षणी गमावलेली रँक परत मिळवण्याखेरीज दुसरे काही पाहू शकत नाही.

उठल्यावर काय करावे? उशीवर बुक्के तर मुळीच मारू नयेत. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्याने चिडवले त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे लोक अधिक संतापलेले आढळले. काहीही न करता शांत बसलेले लोक त्यांच्यापेक्षा कमी आक्रमक होते. आपला अनुभव या निष्कर्षाशी जुळतो. त्याऐवजी खोलीबाहेर जा, पाणी प्या आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ लावत काही मिनिटे चाला. त्या वेळी हरलेल्या सामन्याची उजळणी टाळा. कुठे चुकलो हे पाहायचेच असेल तर दुसऱ्या दिवशी पाहा. संघातील एखादा खेळाडू डिवचत असेल तर त्याला पहिल्याच वाक्यानंतर म्यूट करा, त्याच्याशी वाद घालत बसू नका. आपल्या शिव्या ज्याच्या कानांवर पडतात तोही कुठेतरी दिवसभराचे काम संपवून बसलेला, आपल्यासारखाच कोणी असतो, याचा आवाज चढण्यापूर्वी एकदा विचार करा.

आणि बहिणीशी बोला. ‘माझी चूक झाली, मी अमुक नियम केला आहे, तो मोडताना दिसलो तर मला सांग,’ एवढे पुरे आहे. ती लगेच खोलीत येऊ लागेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. तिला आपले बदललेले वागणे काही आठवडे पाहू द्या.

प्रश्न: माझा मुलगा १२ वर्षांचा आहे. वेळ संपल्यावर मी वायफाय बंद केले की तो किंचाळतो, दार आपटतो. मी कठोर राहावे की नमते घ्यावे?

उत्तर: मर्यादेबाबत ठाम राहा, पण ती आखण्याची पद्धत बदला. बहुतेक ऑनलाइन सामने मध्येच थांबवता येत नाहीत. सामना सोडल्यास अनेक खेळांत गुण कापले जातात किंवा काही काळ खेळण्यास बंदी होते, शिवाय संघातील मित्र अडचणीत येतात. त्यामुळे आपण वायफाय बंद करता तेव्हा त्याच्या दृष्टीने मित्रांसमोर त्याची मान खाली जाते. एक सामना साधारण किती वेळ चालतो हे त्यालाच विचारा आणि घड्याळाऐवजी सामन्यांची संख्या ठरवा. शेवटचा सामना सुरू होण्यापूर्वी आठवण करून द्या. एवढे करूनही त्याने दार आपटले, तर त्या क्षणी उपदेश करू नका. तो निवल्यावर, आपणही शांत असताना, दुसऱ्या दिवशीच्या खेळाचे काय करायचे ते सांगा आणि सांगितल्याप्रमाणे वागा. शक्य असेल तर एकदा त्याच्या शेजारी बसून पूर्ण सामना पाहा. तो नेमका कुठे चिडतो हे आपल्याला दिसेल आणि पुढचे बोलणे सोपे होईल.

प्रश्न: गेम खेळताना खूप राग येणे म्हणजे व्यसनच का?

उत्तर: नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आणि तिच्यात गेमिंगशी निगडित विकाराचा समावेश आहे. पण त्याची लक्षणे वेगळी आहेत. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम देणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, या बाबी साधारणतः किमान १२ महिने आढळाव्या लागतात आणि त्यामुळे शिक्षण, काम किंवा नाती गंभीररीत्या बिघडलेली असावी लागतात. मात्र खेळताना माणसांवर हात उगारला जात असेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल किंवा खेळ बंद केल्यावरही राग दिवसभर उतरत नसेल, तर निदान काहीही असो, मानसोपचारतज्ज्ञांची भेट घेण्यास विलंब लावू नका. जाताना गेल्या काही दिवसांची झोप, खेळण्याचे तास आणि राग आलेले प्रसंग टिपून न्या.