गॅस की डिझेल मोटरहोम? आधी वर्षाला किती फिरणार ते बघा

तुम्ही शिकागोजवळ राहता, दोघं आणि दोन मुलं, उन्हाळ्यात भारतातून आईबाबा येणार, मागे जीप रँग्लर ओढायची आणि पहिली मोठी ट्रिप यलोस्टोन. प्रश्न असा की नवी गॅसवाली (पेट्रोलची) क्लास ए, म्हणजे बसएवढी मोठी मोटरहोम, घ्यावी की त्याच पैशात मिळणारी जुनी डिझेल पुशर, म्हणजे मागे डिझेल इंजिन असलेली तशीच गाडी. माझं मत विचाराल तर गॅसवाली घ्या. वर्षात तीन-चार आठवडेच फिरणार असाल तर डिझेलचे पैसे वसूल होत नाहीत.

आता डिझेलचं सुख खरंच मोठं आहे, ते नाकारत नाही. इंजिन मागे, त्यामुळे पुढे बसून आरामात गप्पा मारता येतात, एअर सस्पेन्शनमुळे खड्डे कमी जाणवतात, आईबाबांच्या कंबरेला ते नक्की आवडेल. गॅसवालीत इंजिन पुढे, तुमच्या दोघांच्या मध्येच, चढावर चांगलंच ओरडतं आणि पायाशी गरम होतं. पण रोजच्या सपाट इंटरस्टेटला फोर्डचं 7.3 लिटरचं व्ही-8 पुरेसं आहे, जुन्या व्ही-10 पेक्षा कितीतरी बरं.

खरा फरक घाटात कळतो. आय-90 ने वायोमिंगमधल्या बफेलोपर्यंत गेलात आणि तिथून यूएस-16 ने बिगहॉर्न डोंगर ओलांडलात तर पावडर रिव्हर पास 9,666 फुटांवर आहे, तिथे टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची साधारण पाव ताकद गेलेली असते, टर्बो डिझेलला त्याचा फारसा फरक पडत नाही. चढताना हळू जाल, जाऊ दे, कोणी मागे लागलेलं नाही. उतार मात्र गंभीरपणे घ्या. डिझेलला एक्झॉस्ट ब्रेक असतो, म्हणजे इंजिनच गाडीला रोखून धरतं, गॅसवालीत टो-हॉल मोड (ओझं ओढताना गिअर खाली ठेवणारं बटण) लावून वरूनच खालच्या गिअरमध्ये निघायचं, आपल्याकडे घाटात एसटीचे ड्रायव्हर उतरतात तसं, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. आणि बिगहॉर्न ओलांडणाऱ्या दुसऱ्या रस्त्याला, यूएस-14ए ला, जाऊच नका, तिथे 10 टक्क्यांचा उतार आहे.

इंजिनापेक्षा मला तुमच्या वजनाची काळजी वाटते. सहा माणसं, भरलेली पाण्याची टाकी, डाळ-तांदूळ, सायकली. गाडीच्या दाराजवळच्या स्टिकरवर ओसीसीसी लिहिलेलं असतं, म्हणजे माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते, डीलर बोलत राहील पण तुम्ही आधी तो आकडा वाचा. मग जीसीडब्ल्यूआर बघा, म्हणजे गाडी आणि मागे ओढलेलं सगळं मिळून किती वजन चालेल ते. भरलेल्या गाडीच्या वजनाची मर्यादा 26,000 पौंड आणि जीसीडब्ल्यूआर 30,000 असेल, तर पूर्ण भरलेल्या गाडीमागे ओढायला फक्त 4,000 उरतात, मागच्या हिचवर (जीप जोडायच्या हुकावर) 5,000 लिहिलेलं असलं तरी. चार दारांची रँग्लर त्यात बसत नाही. जीप न्यायचीच असेल तर सामान कमी करा किंवा जास्त जीसीडब्ल्यूआरची चॅसी शोधा. सीटबेल्टही सहा आहेत का मोजा, बेड सहा असले म्हणजे बेल्ट सहा असतातच असं नाही.

जुनी डिझेल घ्यायचीच असेल तर टायर आधी बघा. टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे, 2317 म्हणजे 2017 सालचा 23 वा आठवडा, खाचा नव्या दिसल्या तरी असा टायर बदलायचाच, आणि सहाही टायरचा खर्च किमतीतून वजा करून मागा. 2010 नंतरच्या इंजिनांना डीईएफ (धूर स्वच्छ करणारं द्रव) लागतं, त्या टाकीतला सेन्सर बिघडला की गाडी मुद्दाम वेग कमी करत करत ताशी 5 मैलांवर येऊ शकते, आणि वायोमिंगमध्ये ते दुरुस्त करणारा शोधायला दिवस जातो. ऑइल, फिल्टर, एअर ड्रायर (एअर ब्रेकच्या हवेतला ओलावा काढणारा भाग), सगळंच महाग. फोर्डवालीची कामं ट्रकचं काम करणारी बरीच गॅरेजं करतात.

पुढे रिटायर होऊन सहा-सहा महिने फिरणार असाल तेव्हा डिझेल घ्या, तेव्हा मीच सांगेन घ्या म्हणून. आत्ता स्टिकरचा फोटो आणि दोन्ही गाड्यांचे जीसीडब्ल्यूआर इथे टाका, हिशोब करून सांगतो.