शेअर-शंका: सर्किटला अडकलेला माल

प्रश्न : टेलिग्रामच्या एका गटात एकाच शेअरचा गजर चालला आहे. 3 रुपये 20 पैशांपासून रोज 5 टक्क्यांचे अप्पर सर्किट (दिवसभरात भाव चढण्याची कमाल मर्यादा) लागते. मी रोज ऑर्डर टाकतो, पण मिळत नाही. गटात म्हणतात, ‘डिलिव्हरी 100 टक्के आहे, मोठे लोक माल उचलताहेत.’ रात्रीच ऑर्डर टाकून रांगेत पुढचा नंबर लावावा का?
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : नका लावू. आधी त्या 100 टक्क्यांचे पाहू. तुम्ही कळवलेला शेअर ‘ट्रेड टू ट्रेड’ गटात आहे. एनएसईवर (राष्ट्रीय शेअर बाजार) अशा शेअरपुढे ‘बीई’ आणि बीएसईवर (मुंबई शेअर बाजार) ‘टी’ किंवा ‘एक्सटी’ असे लिहिलेले असते. अशा शेअरमध्ये इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकणे, चालतच नाही; प्रत्येक सौद्याची डिलिव्हरी, म्हणजे प्रत्यक्ष शेअर, घ्यावी-द्यावी लागते. त्यामुळे आकडा रोज 100 टक्केच येणार, घेणारा कोणीही असो. बाजाराने संशयापोटी घातलेले बंधन टेलिग्रामच्या गटात ताकदीची खूण म्हणून दाखवले जाते, आणि नव्या माणसाला ते खरे वाटते.

आता भाव कसा चढतो ते बघा. समजा कंपनीचे 10 कोटी शेअर आहेत. 3.20 च्या भावावर सर्किट 16 पैशांनी वर. त्या दिवशी सौदे झाले फक्त 4,000 शेअरचे, म्हणजे साधारण साडेतेरा हजार रुपयांचे. तेवढ्यावर कंपनीचे बाजारमूल्य 1 कोटी 60 लाखांनी वाढले. खरेदीच्या रांगेत 8 लाख शेअर दिसतात, पण विकणारा नाही, कारण जवळजवळ सगळा माल मोजक्या हातांत आहे आणि ते हात अजून थांबले आहेत. 5 टक्क्यांच्या सर्किटने 15 सत्रांत भाव दुप्पट होतो. गटातले स्क्रीनशॉट याच दिवसांचे असतात.

मग एक दिवस सर्किट ‘उघडते’. उलाढाल 4,000 वरून एकदम 30-40 लाख शेअरवर जाते आणि महिनाभर तिष्ठलेल्या सगळ्यांना एकदम माल मिळतो. गटात पेढे वाटल्यासारखे वातावरण असते. प्रत्यक्षात त्या दिवशी जुने मालक बाहेर पडलेले असतात. तुमची ऑर्डर महिनाभर न लागणे हे तुमचे नशीब होते. ती लागेल त्या दिवशी घाबरा.

मार्च 2023 मध्ये शेअर बाजाराची नियंत्रक संस्था सेबीने साधना ब्रॉडकास्टच्या शेअरबाबत अंतरिम आदेश काढला, त्यात असाच क्रम मांडला होता: यूट्यूबवर दिशाभूल करणारे व्हिडिओ, वाढता भाव, छोट्या गुंतवणूकदारांची गर्दी आणि त्याच सुमारास मोठ्या भागधारकांची विक्री.

हे घरबसल्या तपासता येते. बीएसईच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाका आणि ‘शेअरहोल्डिंग पॅटर्न’ उघडा. तिमाही संपल्यावर 21 दिवसांत तो द्यावाच लागतो. मागच्या चार तिमाह्या शेजारी ठेवा. प्रवर्तकांचा (कंपनी उभी करणाऱ्या मुख्य मालकांचा) वाटा घटत असेल आणि छोट्या भागधारकांची संख्या काही शेकड्यांवरून हजारोंवर गेली असेल, तर माल कोणाकडून कोणाकडे चालला आहे ते दिसते. नंतर ‘बल्क डील’ पाहा. कंपनीच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त शेअरचे सौदे तिथे नावानिशी येतात. शेवटी रोखप्रवाह: नफा दाखवला आहे, पण धंद्यातून रोकड येत नाही आणि येणी फुगत आहेत, तर तो नफा कागदावरचा समजा. हे तीनही पाहायला अर्धा तास पुरतो.

एक परीक्षा गटातही घेता येते. ‘मागच्या वर्षी सुचवलेल्या सगळ्या शेअरचे आज भाव काय?’ एवढेच विचारा. उत्तर न मिळता तुम्हालाच गटातून काढले, तर तोच निकाल. जिथे पडलेले शेअरही तारखेसह टिकून राहतात आणि शंका विचारणाऱ्याला ‘निगेटिव्ह’ म्हणत नाहीत, तिथे वाचण्यासारखे काही सापडते. असे गट थोडे आहेत, पण आहेत.

प्रश्न : माझ्याकडे सरासरी 4.10 रुपयांचे 12,000 शेअर आहेत. आता रोज लोअर सर्किट (दिवसभरात भाव घसरण्याची मर्यादा), भाव 1.70. विक्रीची ऑर्डर लागत नाही. भाचा म्हणतो, ‘मावशी, खाली आणखी घेऊन अ‍ॅव्हरेज कर.’
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : अ‍ॅव्हरेज करू नका. आज विकले जात नसलेले 12,000 उद्या 20,000 झाले, तर अडचण वाढेलच. भाच्याचा हेतू चांगला असेल, पण सरासरी कमी झाल्याने घेणारा येत नाही.

विक्रीचा नियम आधी भाव, मग वेळ असा आहे. लोअर सर्किटला सगळेच एका भावाला उभे असतात, म्हणून वेळ निर्णायक. साधी ऑर्डर साडेतीनला रद्द होते आणि रांगेतली जागा जाते. रोज रात्री ‘आफ्टर मार्केट ऑर्डर’ टाका, भाव दुसऱ्या दिवशीच्या लोअर सर्किटचाच द्या. दोन पैसे वरचा भाव टाकणारे मागेच राहतात. दिवसा संख्या वाढवू नका, वेळेचा क्रमांक जातो. शेअर दोन्ही बाजारांत असेल, तर रांग कुठे छोटी ते पाहा. डीमॅटमधून शेअर द्यायला टी-पिनची (गुप्त क्रमांकाची) मंजुरी लागत असेल तर ती आधी द्या. ऐन वेळी ऑर्डर नाकारली जाते.

थोडे थोडे विकले गेले, तर डीमॅटचा आकार (शुल्क) ज्या ज्या दिवशी विक्री होईल त्या प्रत्येक दिवशी लागतो. तो सुमारे 15 रुपये धरला आणि 100 शेअर 170 रुपयांना गेले, तर जवळजवळ 9 टक्के तिथेच गेले. तरीही विका. 5 टक्क्यांच्या लोअर सर्किटने 14 सत्रांत भाव निम्मा होतो.

शेअर ‘जीएसएम’ किंवा ‘ईएसएम’ या बाजाराच्या विशेष देखरेखीच्या यादीत आहे का, तेही पाहा. ईएसएमच्या दुसऱ्या टप्प्यात भावाची मर्यादा 2 टक्के होते आणि सौदे ठरावीक वेळच्या लिलावात होतात. मग सारखा स्क्रीन बघण्यात अर्थ नाही. त्या सत्राच्या वेळेत ऑर्डर टाका.

प्रश्न : ‘सेबी नोंदणीकृत’ म्हणून फोन आला. 15,000 भरा, महिन्यात दुप्पट, असे म्हणतात. खरे कसे ओळखावे?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : खात्रीच्या परताव्याचे वचन द्यायला नोंदणीकृतालाही मनाई आहे. तेवढ्यावर फोन ठेवा. तरी तपासायचे असेल, तर क्रमांक मागा: सल्लागाराचा ‘आयएनए’ने, संशोधन विश्लेषकाचा ‘आयएनएच’ने सुरू होतो, पुढे नऊ आकडे. तो सेबीच्या संकेतस्थळावर शोधा आणि तिथे दिलेल्या फोनवर तुम्ही फोन करा, कारण दुसऱ्याचा खरा क्रमांक सांगणारेही असतात. आपल्या शहरातून असे फोन देशभर जातात; इथल्या बिनपरवाना सल्लागारांवर सेबीचे अनेक आदेश आहेत, याचे इंदूरकर म्हणून वाईट वाटते.

पैसे गेले असतील, तर त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा. नोंदणीकृत संस्थेविरुद्ध आधी तिच्याकडेच, नंतर सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रारीच्या संकेतस्थळावर वर्षाच्या आत तक्रार करता येते. ‘तुमचा तोटा भरून देतो, आधी शुल्क द्या’ असा पुढचा फोन बहुधा फसलेल्यांच्या त्याच यादीवरून येतो.

प्रश्न : तोटा प्राप्तिकरात दाखवता येतो का?
— एक वाचक, टिळकनगर, इंदूर

उत्तर : येतो, पण विकल्यावरच. डीमॅटमध्ये पडून असलेला 90 टक्के घसरलेला शेअर करापुरता तोटा नाही. 12 महिन्यांपर्यंत ठेवून विकलेल्याचा तोटा अल्प व दीर्घ मुदतीच्या दोन्ही भांडवली नफ्यातून वजा होतो. त्याहून जुन्याचा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून. उरलेला पुढची 8 वर्षे ओढता येतो. त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरलेले हवे. एक दिवस उशीर झाला तरी त्या वर्षीचा भांडवली तोटा पुढे नेता येत नाही.