सटवाईचा कोरा कागद

प्रिय चिऊ,

बाळाच्या पाचवीच्या दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, "कागद सकाळी कोराच होता. तुम्हाला आधीपासून माहीत होतं ना? मग आजीला खोटं का बोलू दिलंत?" आजी समोरच बसली होती, म्हणून मी "नंतर बोलू" म्हणालो. पण तो प्रश्न मनाला लागून राहिला. तुला सगळं पटायलाच हवं असं काही नाही. वाचून घे, मग काय वाटतं ते सांग.

आधी आजीची बाजू. आजी खोटं बोलली नाही. तिच्या म्हणण्याप्रमाणे सटवाई रात्री येते आणि बाळाचं नशीब लिहिते, पण ते कपाळावर. कागद आणि पेन हा तिचा मान. पाहुणा यायचा म्हणून आपण पाट मांडून ठेवतो, तसंच हे. सकाळी कागद उलटून बघायचा असतो असं आमच्या वाईच्या घरात कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. तो हळद-कुंकवासकट निर्माल्यात जायचा आणि निर्माल्य कृष्णेत. कपाळावरचं लिखाण मात्र खरोखर असतं असं माझी आजी, आमची माई आजी, ठासून सांगायची. माणसाच्या कवटीवर नागमोडी रेघा असतात, तेच ते अक्षर, आपल्याला वाचता येत नाही एवढंच. त्या रेघा म्हणजे कवटीच्या हाडांचे सांधे, हे मला पुढे शाळेत कळलं. जन्मतः ते मोकळे असतात, म्हणून बाळाची टाळू मऊ लागते. ती भरायला साधारण वर्ष-दीड वर्ष जातं. तेल घालताना आजी तिथे बोटाने दाबत नाही, नुसतं थापते, हे तू बघितलंच असशील.

आता पाचवी कशी होते ते. तू फक्त तिचं फ्लॅटमधलं रूप पाहिलंस. जन्मापासून पाचव्या दिवशी संध्याकाळी बाळंतिणीच्या खोलीत भिंतीशी पाटा-वरवंटा मांडायचा. काही घरांत सहाव्या दिवशी करतात. पाटा आधी स्वच्छ धुवायचा, मसाल्याचा वासही राहू द्यायचा नाही. त्याखाली मूठभर तांदूळ पसरायचे. वरवंट्याला हळद-कुंकू लावून खण गुंडाळायचा, तीच सटवाई. पुढे पाच विडे, प्रत्येकावर सुपारी, हळकुंड, खारीक, बदाम आणि एक नाणं. शेजारी विळा, म्हणजे लोखंड. आणि कोरा कागद. तो आम्हा पोरांनी आणायचा. वहीचं फाडलेलं पान चालत नसे, दुकानातून आणलेला अख्खा ताव लागे. माई आजीच्या तरुणपणी बोरू आणि दौत ठेवत. आमच्या वेळी शाईचं पेन आलं होतं, पण टोपण काढूनच ठेवायचं हा तिचा हुकूम. देवीला टोपण उघडत बसायला लावू नये.

कणकेचे दिवे हे मोठ्या काकूचं काम. पाच दिवे, त्यासाठी दोन वाट्या कणीक, चिमूटभर हळद आणि पाणी अगदी बेताचं. कणीक पुरीच्या पिठापेक्षा घट्ट हवी. सैल झाली की वाफेवर दिवा बसतो, काठ खाली येतो आणि तूप पाटावर ओघळतं. गोळ्यात अंगठा दाबून खळगा करायचा, तळ जाड ठेवायचा, नाहीतर भेग पडून तूप झिरपतं. चाळणीवर दहा-बारा मिनिटं वाफवले की झाले. हे दिवे तासाभरात विझतात, ते ओवाळण्यापुरतेच. रात्रभर जळायची ती समई, आणि ती विझू द्यायची नाही. पाचवीचा खरा भार तिथे आहे असं मला वाटतं. समई आपोआप रात्रभर जळत नाही. वात पुढे सारावी लागते, काजळी झाडावी लागते, तेल घालावं लागतं. म्हणजे कुणीतरी जागं हवं. पाळी लावून दोघी-तिघी बायका जागायच्या. एकीच्या हातात बाळ, एक बाळंतिणीच्या उशाशी. जागं राहणाऱ्या बाईला बाळ पितंय का, बाळंतिणीचं अंग तापलंय का, अंगावरून जास्त जातंय का, हे दिसतंच. मुलग्यांना खोलीत मज्जाव होता. आम्ही उंबऱ्याबाहेर बसून सटवाईची पैंजणं ऐकू येतात का म्हणून कान लावायचो.

नेमकी पाचवी-सहावीचीच रात्र का? ही रीत जुनी आहे. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या 'कादंबरी'त चंद्रापीड जन्मतो त्या सूतिकागृहाच्या वर्णनातही षष्ठीदेवी आहे. तीच आपली सटवाई. पण रीत जुनी आहे एवढ्याने माझं समाधान होत नाही. मला पटतं ते कारण वेगळं आहे, आणि ते वाचायला जड जाईल.

नवजात बाळाचा धनुर्वात असतो. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. नाळ विळ्याने कापली, हाताला येईल त्या दोऱ्याने बांधली, वर राख किंवा शेण लावलं, की ते जंतू थेट आत जातात. असं बाळ पहिले दोन दिवस अगदी नीट असतं, रडतं, पितं. तिसऱ्या दिवसानंतर कधीतरी, बहुतेक वेळा पहिला आठवडा सरता सरता, त्याचा जबडा आवळू लागतो. ते अंगावर घेईनासं होतं, मग अंग धनुष्यासारखं ताठतं. त्या काळी अशी बाळं जगत नसत. आता विचार कर, गावोगाव बायका पिढ्यान्‌पिढ्या हे बघत आल्या होत्या. चार दिवस बरं असलेलं मूल पाचव्या-सहाव्या दिवशी कुणीतरी येऊन घेऊन जातं. मग त्या रात्री येणारीला खण-नारळ द्यावा, दिवा लावावा, कागद ठेवून "चांगलं लिही गं बाई" म्हणावं, यात मला खुळेपणा दिसत नाही. भीती दिसते, आणि हातात दुसरं काहीच नव्हतं हे दिसतं.

मन सुन्न होतं ते एका गोष्टीने. रक्षणासाठी बाळाजवळ जो विळा ठेवायचे, कित्येक घरांत तशाच विळ्याने नाळ कापलेली असायची. पुढे सुइणींना पाच स्वच्छता शिकवल्या गेल्या: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पातं स्वच्छ, दोरा स्वच्छ, आणि नाळेला काहीही लावायचं नाही. गरोदर बाईला इंजेक्शन द्यायला लागले, त्याचं संरक्षण आईकडून पोटातल्या बाळालाही मिळतं. २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. याचा अर्थ दर जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. बाळं वाचली ती या स्वच्छतेने आणि इंजेक्शनाने, सटवाईने नव्हे. हे मी आजीसमोरही म्हणतो. ती म्हणते, "इंजेक्शन बाईच्या नशिबात तिनेच लिहिलं." यावर मला उत्तर सुचत नाही.

सटवाईचं जे मला कधीच आवडलं नाही, तेही सांगतो. "कपाळात लिहिलं होतं" हे वाक्य आमच्या घरात फार सहज वापरलं जायचं. आक्काआत्याला लहान वयात वैधव्य आलं, तिची शाळा सुटली, तिला पुढे शिकवलं नाही, या सगळ्याला ते एकच वाक्य. नवरा गेला ते कुणाच्या हातात नव्हतं. शाळा घरातल्या मोठ्यांच्या हातात होती. 'दारिद्र्य पाचवीला पुजलेलं' म्हणतात, त्यातही हेच येतं: एकदा पूजेत बसलं, आता कोण हलवणार? तू रागावशील तर या भागावर रागव, मी तुझ्या बाजूने आहे.

पण माई आजी दळण निवडताना सटवाईच्या लेकीची गोष्ट सांगायची, ती ऐक. तुम्हाला शाळेत ग्रीकांच्या इडिपसची गोष्ट होती ना, म्हणून मुद्दाम सांगतो. इरावती कर्वे यांनी ही मराठी गोष्ट १९५० साली इंग्रजीत छापली, तीही इडिपसशी नातं दाखवूनच.

सटवाईची लेक आईला विचारते, रोज रात्री कुठे जातेस? आई सांगते, बाळांची नशिबं लिहायला. मग माझं काय लिहिलंस? आई टाळते, लेक हट्टाला पेटते. शेवटी आई सांगते, तुझं लग्न तुझ्याच मुलाशी होईल. लेक ठरवते, पुरुषाचं तोंडच बघायचं नाही. रानात एकटी राहते. एक राजा शिकारीला येतो, तिथल्या पाण्याने चूळ भरतो आणि जातो. ते पाणी तिच्या पिण्यात येतं, तिला दिवस राहतात. मूल झाल्यावर ती त्याला लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून टाकून देते. ते एका माळी जोडप्याला सापडतं, ते त्याला वाढवतात. वर्षांनी तो तरणाताठा होऊन त्याच रानात येतो, ही अजून तरुणच असते. ज्याला तिने टाकलं तो मेलाच असणार, या समजुतीने ती त्याच्याशी लग्न करते. सासरी एक दिवस तिला लुगड्याचा तो तुकडा दिसतो. सासू सांगते, तुझा नवरा आम्हाला यातच गुंडाळलेला सापडला.

ग्रीकांकडे इथून डोळे फोडून घेणं आणि गळफास आहे. आपल्याकडे ती बाई तुकडा घडी घालून ठेवते, कुणाला एक अक्षर सांगत नाही आणि संसार करते. लहानपणी मला हा शेवट अपुरा वाटायचा. आता वाटतं, गोष्टीतलं सगळ्यात मोठं धैर्य तिथे आहे. आणखी एक बघ: जी लिहिते, तिला स्वतःच्या लेकीचंही लिखाण खोडता येत नाही. बायका जिच्यापुढे हात जोडत होत्या, ती त्यांच्याइतकीच बांधलेली होती.

सटवाईची एक नातलग तू घरातच पाहिली आहेस. श्रावणात आजी भिंतीवर कागद लावते, त्यावर वर नरसिंह आणि कालियामर्दन करणारा कृष्ण, खाली हत्ती-वाघावरचे बुध-बृहस्पती, आणि मध्ये पोराबाळांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका. यातली जरा ही महाभारतातली राक्षसी. मगधाच्या बृहद्रथ राजाला दोन राण्यांपासून मुलाची दोन अर्धी शकलं झाली, ती फेकून दिली, जरेने ती जोडली आणि जरासंध जिवंत झाला. सभापर्वात ती राजाला सांगते, माझं लेकरांसह चित्र जो घराच्या भिंतीवर काढील त्याच्या घरी भरभराट होईल. मूल उचलून नेणारीलाच मुलांची राखणदार करून भिंतीवर बसवायचं, हा उपाय किती शहाणा आहे! श्रावणी शुक्रवारी पुरणाच्या दिव्यांनी मुलांना ओवाळतात. ज्यांची मुलं परगावी आहेत त्या बायका चारी दिशांना अक्षता टाकतात. आपण इथे आल्यापासून आजी त्या टाकते, आणि टोरांटो नेमकं कुठल्या दिशेला हे तिने मला फोनवर विचारून घेतलं होतं.

परवा इथे आपण काय केलं ते तू पाहिलंस, पण का, ते सांगायचं राहिलं. पाळण्यात काही ठेवायचं नाही असं नर्सने बजावलं होतं: गादी टणक, उशी-दुलई नाही, बाळ पाठीवर. म्हणून विळ्याऐवजी अडकित्ता आणि तोही उंच खिडकीत. पाट्याऐवजी खलबत्ता. ओवा-शेपाची धुरी तुझ्या आईने आणि मी साफ नाकारली. स्मोक अलार्म हे एक कारण, पण अलार्म नसता तरी बंद खोलीत धूर आणि पाच दिवसांचं फुप्फुस हे जमत नाही. आजीने थोडी कुरकुर केली आणि ऐकलं. समईऐवजी छोटा विजेचा दिवा लावला. तरी ती रात्रभर खुर्चीत जागी राहिली, म्हणून तुझी आई आठवड्यात पहिल्यांदा सलग झोपली. आणि बाळ झोपेत हसलं तेव्हा आजी म्हणाली, सटवाई हसवतेय. ओळखून हसणं दीड-दोन महिन्यांनी येतं, तोवरचं हे झोपेतलं हसू असतं. ते मला माहीत आहे. मी तिला ते सांगितलं नाही, आणि ते खोटं बोलणं आहे असं मला वाटत नाही. तुला वाटत असेल तर आपण भांडू.

तुझ्या पाचवीचा कागदही कोराच होता. तुला मुलं झाली आणि तू यातलं काहीच केलं नाहीस तरी मला वाईट वाटणार नाही. (थोडं वाटेल. ते माझं मी बघेन.) इंजेक्शनं मात्र वेळेवर घे.

आजीचं परतीचं विमान रविवारी आहे. त्याआधी दुपारी बाळ झोपलं की तिच्याशेजारी बस आणि तिच्या स्वतःच्या पाचवीला कोण जागलं होतं ते विचार. मी तिला ते कधीच विचारलं नाही. इंग्रजीत विचारू नकोस, मराठी अडलं तर अडू दे. तिला वेळ आहे.

तुझा,
बाबा