टास्क मॅनेजरमधून ग्राफिक्स कार्डच गायब

प्रश्न : माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेलचं आतलं ग्राफिक्स आहे आणि शिवाय एनव्हिडियाचं ४ जीबीचं वेगळं कार्ड. आधी टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू ० आणि जीपीयू १ (म्हणजे ही दोन ग्राफिक्स) दोन्ही दिसायचे, आता फक्त ० दिसतो आणि ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (अंतिम चित्र तयार करणं) लावला की सगळा लोड प्रोसेसरवर. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड बदला. सबमिशन तोंडावर आहे, काय करू? (एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : मदरबोर्डचे पैसे आत्ता अजिबात देऊ नका. टास्क मॅनेजर स्वतः काही शोधत नाही, विंडोज आणि ड्रायव्हर जे सांगतात तेवढंच दाखवतो, त्यामुळे तिथे दिसलं नाही म्हणजे कार्ड गेलं असं होत नाही.

पहिला संशय इको मोडवर. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये कंपनीचं एक ॲप असतं, त्यात बॅटरी वाचवायला वेगळं कार्ड पूर्ण बंद करायची सोय असते, काहींमध्ये चार्जर काढला की ते आपोआप होतं. कार्ड नुसतं झोपलेलं असेल तर ते यादीत राहतं आणि ०% दाखवतं, पण इकोमध्ये विंडोजला ते दिसतच नाही. चार्जर लावा, मोड स्टँडर्ड किंवा हायब्रिड करा, रीस्टार्ट करा. काही लॅपटॉपमध्ये हेच सेटिंग बायोसमध्येही (विंडोजच्या आधी उघडणारी सेटिंग्ज) असतं, तिथेही बघा.

तरी नाही आलं तर डिव्हाइस मॅनेजर उघडा, व्ह्यूमध्ये जाऊन 'शो हिडन डिव्हायसेस' करा आणि डिस्प्ले अडॅप्टर्स बघा. नाव फिकट असेल आणि त्यावर डबल क्लिक केल्यावर एरर कोड ४५ येत असेल तर विंडोजच्या मते कार्ड सध्या जोडलेलंच नाही. कोड २२ म्हणजे कोणीतरी डिसेबल केलंय, राइट क्लिक करून एनेबल करा, काम संपलं. कोड ४३ किंवा 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असं नाव दिसलं तर आधी ड्रायव्हर बघायचा. दुकानात विंडोज परत टाकून दिलं असेल तर हे हमखास तपासा, कारण टास्क मॅनेजरमधला जीपीयूचा ग्राफ २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून आला आणि त्याला डब्ल्यूडीडीएम (विंडोजचा ग्राफिक्स ड्रायव्हरचा नमुना) २.० किंवा नंतरचा ड्रायव्हर लागतो. नेट बंद करून सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून काढणारं सॉफ्टवेअर) जुना ड्रायव्हर साफ करा, मग लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवून ठेवलेला टाका.

आता कमांड प्रॉम्प्टमध्ये एनव्हिडिया-एसएमआय (nvidia-smi) ही कमांड चालवा. कार्डाचं नाव आलं तर कार्ड जिवंत आहे. मग ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिममध्ये जाऊन ऑप्टिक्स किंवा कूडा (एनव्हिडिया कार्डावर रेंडर करायच्या पद्धती) निवडा, कार्डावर टिक करा आणि रेंडर सेटिंगमध्ये डिव्हाइस 'जीपीयू कम्प्यूट' ठेवा, ही टिक करायची राहून गेली तरी लोड प्रोसेसरवरच जातो.

एवढं करूनही काही नाही तर लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा. शेवटची परीक्षा म्हणजे उबंटूचा (एक लिनक्स) लाइव्ह पेनड्राइव्ह, इन्स्टॉल काहीच करायचं नाही, टर्मिनलमध्ये फक्त एलएसपीसीआय (lspci, जोडलेल्या हार्डवेअरची यादी दाखवणारी कमांड) टाइप करायचं. त्याआधी इको मोड नक्की काढा, नाहीतर तिथेही दिसणार नाही. मोड बरोबर असून यादीत एनव्हिडिया नसेल तर मात्र हार्डवेअरचा दोष असण्याची शक्यता मोठी. कार्ड मदरबोर्डवरच सोल्डर केलेलं असतं म्हणून दुकानदार बोर्ड बदला म्हणतात, पण आधी चिप-लेव्हल काम करणाऱ्याला (बोर्डवरची चिप दुरुस्त करणारा) दाखवा आणि वॉरंटी असेल तर कोणालाही उघडू देऊ नका.

सबमिशनसाठी तोवर सायकल्समध्ये (ब्लेंडरचं रेंडर इंजिन) सॅम्पल्स कमी करा, डीनॉइज (चित्रातले ठिपके काढणारं सेटिंग) चालू ठेवा आणि रात्री प्रोसेसरवरच रेंडर लावून द्या.