पेन्शन कमी करणं वेगळं आणि वसुली वेगळी

नमस्कार काका. तुमचं पत्र आणि सोबतचे फोटो नीट पाहिले. ३० जून २०१९ ला वरिष्ठ लिपिक म्हणून रिटायर झालात, बेसिक ४७,६०० होतं, पेन्शन २३,८०० बसली, आणि आता इतक्या वर्षांनी ऑफिसचं पत्र की २०१० ला आश्वासित प्रगती (बढती न मिळाल्यास ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी देणारी योजना) लागू झाली त्या वेळी एक वेतनवाढ चुकून जास्त लागली, म्हणून बेसिक ४६,२००, पेन्शन २३,१००, आणि वर १,८४,००० ची वसुली दरमहा पाच हजारांनी. पहिला हप्ता कापला गेलेला तुम्हाला पासबुक भरून आणल्यावर कळला, हे वाचून खरंच वाईट वाटलं.

आधी वसुलीचं बोलू, कारण तिथे तुमची बाजू भक्कम आहे. सुप्रीम कोर्टाने १८ डिसेंबर २०१४ ला रफिक मसीह केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की वर्ग ३ आणि ४ चे कर्मचारी, रिटायर झालेले किंवा वर्षभरात होणारे, आणि वसुलीचा आदेश निघायच्या आधी पाच वर्षांहून जास्त काळ जादा पैसे मिळत आलेले, यांच्याकडून वसुली करता येत नाही. तुम्ही तिन्हीत बसता. फक्त ती चूक तुमच्यामुळे झालेली नसावी. सर्विस बुकाच्या त्या पानावर वेतनवाढीची नोंद, खाली साहेबांची सही, शिक्का, आणि तुमच्या हातचं एक अक्षर नाही, हे पान सांभाळून ठेवा. पण तेव्हा आस्थापनेचं टेबल, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पगार-नोंदींचं काम, तुमच्याकडेच होतं का, हे मला आधी खरं खरं सांगा, कारण समोरचे ते काढणारच.

ऑफिसवाले वचनपत्रही काढतील, 'जादा रक्कम निघाल्यास परत करीन' असं तुम्ही लिहून दिलेलं. २०१६ च्या जगदेव सिंग निकालात वचनपत्रामुळे वसुली टिकली हे खरं आहे, पण ते गृहस्थ न्यायाधीश होते, वर्ग ३ चे नव्हते, आणि तुमच्यासाठी मी हाच फरक मांडीन. शिवाय महाराष्ट्राच्या १९८२ च्या पेन्शन नियमातला १३४-अ म्हणतो की वसुलीआधी पेन्शनरला म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यायची. तुम्हाला साधी नोटीस नाही, डायरेक्ट कापले!

आता पेन्शन कमी केल्याचं. इथे खोटी आशा लावत नाही, चूक खरीच असेल तर पुढच्यासाठी ती दुरुस्त करायला कोर्ट सहसा अडवत नाही. तरी नियम १३१ प्रमाणे एकदा मंजूर झालेली पेन्शन कमी करायला कारकुनी चूकच लागते, आणि ती दोन वर्षांनंतर सापडली तर वित्त विभागाची संमती लागते. तुमच्या पत्रात अशा संमतीचा उल्लेखच नाही, आणि वेतनवाढ चुकीची देणं ही कारकुनी चूक आहे का, इथेही भांडायला जागा आहे.

आणि काका, एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. तुम्ही ३० जूनला रिटायर झालात आणि वेतनवाढ १ जुलैची होती. वर्षभर काम करून कमावलेली वेतनवाढ दुसऱ्या दिवशी नोकरीत नाही म्हणून नाकारता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने ११ एप्रिल २०२३ ला मुंडिनमणी केसमध्ये ठरवलंय, आणि पुढे २०२५ मध्ये सांगितलंय की जे त्या केसमध्ये नव्हते त्यांना वाढीव पेन्शन १ मे २०२३ पासून द्यायची. म्हणजे त्यांचं ४६,२०० जरी धरलं तरी एस-१३ या तुमच्या वेतनस्तराच्या तक्त्यात पुढचा आकडा ४७,६०० च येतो, पेन्शन परत २३,८००. आणि कपातच रद्द झाली तर बेसिक ४९,०००, पेन्शन २४,५००. ही दुरुस्ती तुम्ही स्वतः मागायची, वेगळा अर्ज करून.

ऑफिसमधून संमतीपत्रावर सही करायला बोलावलंय म्हणता, ती अजिबात करू नका. दोन अर्ज द्या, एक वसुली थांबवून कापलेले पाच हजार परत मागणारा आणि दुसरा १ जुलैच्या वेतनवाढीचा, दोन्हींची प्रत कोषागाराला, आणि पोच शिक्क्यासकट घ्या. तुम्ही साताऱ्याचे म्हणजे मॅटचं (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, सरकारी नोकरांच्या तक्रारी ऐकणारं) मुंबई खंडपीठ, तिथे साधारण वर्षभराची मुदत असते म्हणून पत्राची तारीख लिहून ठेवा. पुढच्या महिन्याचं पासबुक भरलं की लगेच फोटो पाठवा, दुसरा हप्ता कापला असेल तर अर्जाच्या उत्तराची वाट न बघता स्टे मागायला जाऊ.